नावाचा अर्थ खरा की यादीतला? नावाचे मूळ पायरीपायरीने कसे शोधावे

बाळांच्या नावांच्या बहुतेक याद्यांमध्ये ‘आरव’ या नावापुढे ‘शांत’ असा अर्थ दिलेला असतो. संस्कृत कोश उघडला तर आरव म्हणजे आवाज, ओरडा, गर्जना. रव म्हणजे आवाज, हे ‘कलरव’मुळे आपल्याला माहीतच असते. नाव वाईट अजिबात नाही. घुमणारा नाद, असा अर्थ सांगून ते अभिमानाने ठेवता येते. पण बारशाच्या निमंत्रणावर ‘आरव, म्हणजे शांतता’ असे छापणाऱ्या आईवडिलांची फसगत झालेली असते, आणि मुलाने आठवीत संस्कृत घेतले की ती त्याला कळते.

अशी फसगत टाळता येते. त्यासाठी भाषापंडित असण्याची गरज नाही. एक संध्याकाळ, दोन-तीन कोश आणि थोडा संशय एवढ्यावर काम भागते. नाव हा कुठल्या तरी भाषेतला शब्द असतो, आणि तो कुठल्या तरी समाजाने काही कारणाने माणसाला दिलेला असतो. म्हणून प्रश्न दोन : शब्द कुठला, आणि तो का ठेवला? याद्या पहिल्याचे उत्तर घाईने देतात आणि दुसऱ्याला हातच लावत नाहीत. मला स्वतःला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, म्हणून खाली त्याची पायरी, सहावी, सगळ्यांत लांब आहे.

पायरी १ : नाव आधी त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहा

रोमन लिपीत नाव शोधायला गेलात की पहिल्याच वळणावर वाट चुकते. ऱ्हस्व-दीर्घ, त-ट, न-ण हे सगळे तिथे एक होऊन जाते. ‘अनिका’ घ्या. संस्कृतात ‘अनीक’ आहे, त्यात नी दीर्घ, आणि अर्थ सेना, तोंड, अग्रभाग. उत्तर युरोपात ‘आनिका’ आहे, ते ‘आना’ या नावाचे लाडके रूप. रोमन अक्षरांत दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. म्हणून नाव देवनागरीत लिहा, दीर्घ वेलांट्या तपासा, आणि नाव परभाषेतले असेल तर ते मूळ लिपीत कसे लिहितात ते शोधा.

चिनी आणि जपानी नावांच्या बाबतीत ही पायरी ओलांडून पुढे जाताच येत नाही. तिथे अर्थ उच्चारात नसतो, लिहिलेल्या चित्राक्षरात असतो. एकच उच्चार डझनभर वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येतो आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. जपानी ‘नाओमी’ हे नाव बहुधा ‘सरळ’ आणि ‘सौंदर्य’ या दोन अक्षरांनी लिहितात, पण दुसरी अक्षरेही चालतात. तेव्हा ‘अमुक जपानी नावाचा अर्थ काय’ याला एकच खरे उत्तर आहे : कसे लिहिले आहे ते दाखवा. जपानमध्ये तर नावात कोणती अक्षरे चालतील याची सरकारी यादीच असते. १९९३ साली टोकियोजवळच्या अकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचे नाव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, असे नोंदवायला नेले. अक्षरे यादीत बसणारी होती, तरी कार्यालयाने आक्षेप घेतला आणि देशभर वाद झाला. मे २०२५पासून तिथल्या कुटुंब-नोंदवहीत अक्षरांबरोबर उच्चारही नोंदवू लागले आहेत, कारण नुसत्या अक्षरांवरून नाव कसे वाचायचे हे त्यांनाही कळत नाही.

पायरी २ : भाषा ठरवा, आणि सारख्या आवाजाला भुलू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोन भाषांतले शब्द सारखे ऐकू आले म्हणजे ते एक झाले असे नाही.

‘कियारा’ हे नाव सध्या मराठी घरांतही पोचले आहे आणि त्याला ओढून-ताणून संस्कृत अर्थ चिकटवले जातात. इटालियन ‘क्यारा’ हे लॅटिनमधल्या ‘स्वच्छ, तेजस्वी’ अशा अर्थाच्या शब्दापासून आले. आयरिश ‘किअरा’ हे ‘काळा, सावळा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आले. एक उजेडाचे, एक सावळेपणाचे, आणि दोन्ही सुंदर. कोणते निवडले ते तुमचे तुम्ही सांगायचे असते.

‘कियान’ हे नाव फारसीतले आहे. इराणी परंपरेतल्या कयानी राजघराण्याशी त्याचे नाते आहे, त्यामुळे ‘राजे, राजवंशातला’ हा अर्थ बरोबर. पण त्याला ‘देवाची कृपा’ असा संस्कृत अर्थ देणारे लोक भेटतात. संस्कृतात ‘कियान्’ हा शब्द खरोखर आहे, आणि त्याचा अर्थ आहे ‘केवढा? किती?’.

‘अनाया’चेही तसेच. अरबी ‘इनाया’ म्हणजे काळजी, आस्था, कृपादृष्टी. आपल्या कानांवर असलेला ‘इनायत’ त्याचाच भाऊ. संस्कृतात मात्र ‘अनय’ म्हणजे अनीती, दुर्वर्तन, संकट. हे नाव ठेवायचे असेल तर अरबी मूळ मोकळेपणाने सांगा. त्यात संकोच कसला?

काही नावे मात्र अनेक भाषांत स्वतंत्रपणे उगवलेली असतात. ‘नाओमी’ जपानीत वर आलेच. हिब्रूतही ‘नाओमी’ आहे, अर्थ आनंददायी, गोड. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आपली ‘तारा’ आकाशातली. आयर्लंडमधली ‘तारा’ ही प्राचीन राजांची टेकडी, आणि तिकडच्या मुलींना ते नाव त्या टेकडीवरून मिळते. ‘मीरा’ म्हटले की आपल्याला मेवाड आठवते, रशियनसारख्या स्लाव्हिक भाषांत ‘मिरा’ शांततेशी जोडलेली आहे. परदेशात राहणारी मराठी कुटुंबे नील, माया, तारा, रोहन, आन्या अशी नावे निवडतात ती बऱ्याचदा याच कारणाने, की नाव दोन्हीकडे घरचे वाटावे. विचार चांगलाच आहे, फक्त दोन्हीकडचे अर्थ आणि दोन्हीकडची सवय तपासून घ्या. ‘इरा’ संस्कृतात पेय, अन्न, पृथ्वी, वाणी. रशियात ‘इरा’ हे ‘इरिना’चे घरगुती रूप, म्हणजे मूळ ग्रीक अर्थ शांतता. आणि अमेरिकेत ‘इरा’ हे हिब्रूतून आलेले पुरुषाचे नाव आहे, तिथे ते ‘आयरा’ असे उच्चारतात. तुमची लेक न्यू जर्सीत शाळेत जाणार असेल तर हे आधीच माहीत असलेले बरे.

पायरी ३ : शब्द फोडा, पण प्रत्येक भाषेच्या आपल्या रीतीने

संस्कृत नाव असेल तर संधी सोडवा, समास उलगडा, उपसर्ग आणि धातू वेगळे करा. ‘शिवांश’ सरळ सुटते : शिव अधिक अंश. तसेच ‘रेयांश’ सोडवायला बसा. ‘रेय’ किंवा ‘रेया’ असा सूर्यकिरण या अर्थाचा शब्द कोशात मिळत नाही. वेदात ‘रयि’ आहे, तो संपत्ती या अर्थाने, पण ‘रयि’ला ‘अंश’ जोडला तर ‘रय्यंश’ होईल, ‘रेयांश’ नाही. ‘सूर्याचा किरण’ हा अर्थ इंग्रजी ‘रे’वरून आत शिरला असावा असे मला दिसते. ‘अद्विक’चेही तसेच. अद्वय आहे, अद्वितीय आहे, या दोघांच्या आधारावर नवे नाव बेतले आहे.

अरबी नावांत मुळाशी बहुधा तीन व्यंजने असतात आणि स्वर बदलून शब्द घडतात. ह-म-द म्हणजे स्तुती. त्यातून मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद. क-र-म म्हणजे औदार्य, मोठेपणा. त्यातून करीम, अक्रम, मुकर्रम. ही तीन व्यंजने ओळखता आली की अर्धे काम झाले. ‘अब्दुल’ हे एकटे नाव नव्हे. ‘अब्द’ म्हणजे सेवक आणि पुढे ईश्वराचे एक नाव येते : अब्दुल करीम म्हणजे उदार ईश्वराचा सेवक. आपण त्यातले नुसते ‘अब्दुल’ हाक मारायला घेतो तेव्हा वाक्य मध्येच तोडतो.

हिब्रू नावांत शेवटी ‘एल’ किंवा सुरुवातीला-शेवटी ‘यो, या’ दिसले तर तो ईश्वर. दानिएल म्हणजे ईश्वर माझा न्यायाधीश. मिखाएल म्हणजे ईश्वरासारखा कोण आहे? हा प्रश्न आहे, वर्णन नाही. योनातान म्हणजे ईश्वराने दिले.

जुन्या जर्मन आणि इंग्लिश नावांत दोन शब्द शेजारी ठेवलेले असतात, आणि त्यांतून वाक्य तयार करण्याचा मोह आवरावा लागतो. विल्हेल्म म्हणजे इच्छाशक्ती आणि शिरस्त्राण. फ्रेडेगुंड म्हणजे शांतता आणि युद्ध! आईच्या नावातला एक तुकडा, वडिलांच्या नावातला एक, अशी जोडणीही तिथे होत असे. तिथे ‘एकत्र अर्थ काय’ हा प्रश्न नेहमीच विचारण्याजोगा नसतो.

आणि कधी कधी फोडता फोडता असे काही हाती लागते की थांबावेसे वाटते. महाभारतातला भूरिश्रवा म्हणजे ज्याची कीर्ती मोठी. ग्रीक सोफोक्लीस या नावातला ‘क्लीस’ आणि रशियन यारोस्लाव यातला ‘स्लाव’ हे दोन्ही आपल्या ‘श्रवस्’चे सख्खे नातलग आहेत, तिघांचे मूळ एकच, ऐकणे आणि कीर्ती. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या लोकांनी मुलांना तोच आशीर्वाद द्यायचे चालू ठेवले. तसेच ‘देवाने दिलेला’ हे नाव : आपला देवदत्त, ग्रीक थिओडोर, तोच रशियात फ्योदोर, स्लाव्हिक बोग्दान, हिब्रू नथानिएल, फारसी खुदादाद. मूल झाल्यावर माणसाला काय वाटते हे या सहा शब्दांत आहे.

पायरी ४ : कोश उघडा

संस्कृतासाठी वामन शिवराम आपटे यांचा कोश (१८९०) आणि मोनियर-विल्यम्स यांचा कोश (१८९९ची आवृत्ती) पुरेसे आहेत. दुसरा कोश कलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. मराठीसाठी मोल्सवर्थ (सुधारित आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. हे दोन्ही, शिवाय फारसीसाठी स्टाइनगास यांचा कोश, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर आहेत. स्टाइनगासमध्ये फारसीत रुळलेले अरबी शब्दही मिळतात, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच नावांचा उलगडा तिथेच होतो. युरोपीय नावांसाठी ‘बिहाइंड द नेम’ हे संकेतस्थळ विश्वासार्ह आहे, मुख्यतः ते ‘मूळ अनिश्चित’ असे लिहायला लाजत नाही म्हणून. हीच कसोटी इतर ठिकाणी लावा. ज्या यादीत प्रत्येक नावाला अर्थ आहे आणि प्रत्येक अर्थ मंगलच आहे, ती बाजूला ठेवा.

शोधताना तीन गोष्टी सांभाळा. संस्कृत शब्द मूळ रूपात शोधा, ‘कियान्’ हा ‘कियत्’खाली सापडेल. स्त्रीलिंगी रूप सापडले नाही तर पुल्लिंगी पाहा. आणि नोंदीतले सगळे अर्थ वाचा, पहिला आवडला म्हणून पान मिटू नका.

यांपैकी कुठल्याच कोशात शब्द नसेल तर ते नाव नवे आहे असे समजा. नवे असणे हा दोष नाही. ‘मायरा’ हे नाव सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज कवीने आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी घडवले आणि ते रूढ झाले. तुम्हीही घडवा. फक्त त्याला खोटा वैदिक जन्मदाखला जोडू नका. ‘आम्हाला ऐकायला आवडले, आमच्या दोघांच्या नावांतून बनवले’ हे सांगणे पुरेसे आहे.

नव्या नावांच्या या लाटेमागे आपल्याकडे एक खास कारणही आहे. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाची चार चरणे, म्हणून १०८ अक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला हे ठीक. पण आर्द्रेला घ, ङ, छ येतात, हस्ताला ष, ण, ठ येतात. ‘ङ’वरून नाव आणायचे कुठून? मग याद्या शब्द तयार करतात. खरे तर परंपरेतच नक्षत्रनाम वेगळे आणि व्यवहारनाम वेगळे असायला जागा आहे. पत्रिकेतले नाव पत्रिकेत राहू द्या आणि हाक मारायचे नाव मोकळेपणाने निवडा. आवाजाचा विचार करायचाच असेल तर पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथाचा सल्ला आजही कामाचा आहे : मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, घोष वर्णाने (ग, ज, द, ब यांसारख्या) सुरू होणारे, मध्ये य-र-ल-वपैकी काही असलेले, मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त. अंगणातून हाक मारून बघा, का ते लगेच कळेल.

पायरी ५ : नावाने केलेला प्रवास काढा

बरीच नावे मूळ भाषेतून थेट येत नाहीत, टप्पे घेत येतात. हिब्रू ‘योहानान’, म्हणजे ईश्वर कृपाळू आहे, हे ग्रीकमध्ये इओआनेस झाले, लॅटिनमध्ये योहानेस, आणि तिथून इंग्लिश जॉन, फ्रेंच झाँ, स्पॅनिश हुआन, इटालियन जिओव्हान्नी, रशियन इव्हान, जर्मन हान्स. या नावाचा संत, येशूला बाप्तिस्मा देणारा योहान, कुराणात याह्या आहे. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात ‘जुआंव’ होऊन आले, आणि दर २४ जूनला गोव्यात विहिरींमध्ये उड्या मारून जो सांजांव साजरा होतो तो याच नावाच्या संताचा.

म्हणून अर्थ सांगताना टप्पा सांगा. ‘नताशा’ हे रशियन ‘नताल्या’चे लाडके रूप, आणि नताल्या लॅटिनमधल्या जन्मदिवसाच्या शब्दापासून, तो दिवस म्हणजे नाताळ. आपण मराठीत म्हणतो तो ‘नाताळ’ही पोर्तुगीजमार्गे त्याच घरातला. ‘सोनिया’ हे ‘सोफिया’चे रूप, ग्रीक अर्थ शहाणपण. ‘नादिया’ हे रशियन ‘नादेझ्दा’चे, अर्थ आशा.

आपल्या मातीतले याहून सुंदर उदाहरण कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे आहे. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या या ज्यू कुटुंबांत बेंजामिनचा बनाजी झाला, अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा सामाजी, एलायजाचा एलोजी. आडनावे किहीमकरसारखी, गावावरून. एखाद्या जुन्या कागदावर ‘अबाजी’ दिसले आणि तुम्ही ते ‘आबा’वरून आले असे ठरवलेत तर एका समाजाचा सगळा प्रवास पुसला जाईल.

मराठा सरदारांच्या नावांतही अशी वाट सापडते. हैबतरावातली हैबत अरबी, अर्थ धाक, दरारा. दौलतरावातली दौलत अरबी, गुलाबरावातला गुलाब फारसी. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने ठेवली असे परंपरा सांगते. नाव शोधताना आधीच ठरवलेल्या धर्माच्या चौकटीत बसू नका. नावे अशा चौकटी जुमानत नाहीत.

पूर्वेकडे पाहिले तर आपलीच नावे दुसऱ्या उच्चारात भेटतात. थायलंडचे दिवंगत राजे भूमिबोल अदुल्यदेज म्हणजे भूमिबल अतुल्यतेज. त्यांच्या मुलाच्या वजिरालाँगकोर्न या नावात वज्र आणि अलंकार. कंबोडियाचे नोरोदोम म्हणजे नरोत्तम. जावामध्ये ‘सु’ हा चांगला या अर्थाचा उपसर्ग घराघरात आहे. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लहानपणी कुस्नो होते, सतत आजारी पडायचे, म्हणून वडिलांनी महाभारतातल्या कर्णावरून त्यांचे नाव सुकर्णो केले. त्यांची मुलगी मेगावती सुकर्णोपुत्री. यातले ‘सुकर्णोपुत्री’ हे आडनाव नाही, सुकर्णोंची मुलगी एवढेच.

पायरी ६ : नाव का ठेवले ते विचारा

इथे कोश संपतो आणि माणसे सुरू होतात. कितीतरी समाजांत शब्दार्थ गौण असतो आणि नाव जन्माची हकीकत सांगते.

घानामधल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठरते. शुक्रवारी मुलगा झाला तर कोफी, मुलगी झाली तर एफुआ. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी महासचिव कोफी अट्टा अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले, तो शुक्रवार होता. अट्टा म्हणजे जुळ्यांपैकी एक. अन्नान म्हणजे चौथे अपत्य. त्यांच्या जुळ्या बहिणीचे नाव अर्थातच एफुआ. ‘कोफी म्हणजे काय’ याला ‘शुक्रवार’ एवढे उत्तर देऊन थांबलो तर नावातली सगळी माणसे निसटतात. हिमालयातल्या शेर्पांमध्येही हीच रीत : मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग. आणि आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवरचे सोमा, मंगळ्या, बुध्या काय वेगळे आहेत? शाळेच्या पटावर अशी नावे ‘सुधारून’ लिहिण्याची सवय मला फार खटकते. ती नावे एका जगभर पसरलेल्या रीतीतली आहेत आणि पूर्ण आहेत.

बालीमध्ये क्रमावरून नाव : पहिले वायान, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत. पाचव्यापासून बहुधा पुन्हा वायान. ‘मादे’च्या मागे आपले ‘मध्य’ आहे. नायजेरियातल्या योरुबांत जुळ्यांतले आधी आलेले ताइवो, जगाची चव घ्यायला पुढे आलेले. मागून आलेले केहिंदे. आणि मोठे मानतात ते केहिंदेला, कारण त्यानेच धाकट्याला जग पाहायला पुढे पाठवले अशी समजूत आहे. आजोबांच्या मृत्यूनंतर मुलगा झाला तर बाबातुंदे, वडील परत आले. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या मराठी घराला हे समजावून सांगावे लागणार नाही. ज्यू समाजातही नातेवाइकांची नावे ठेवतात, पण पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंत ती दिवंगत माणसांचीच, जिवंत माणसाचे नाव बाळाला देत नाहीत. स्पेनकडून पांगलेल्या सेफार्दी ज्यूंत मात्र हयात आजी-आजोबांचे नाव देणे हा मान आहे.

मग येतात राखणीची नावे. घरात मुले जगत नसत तेव्हा पुढच्या बाळाला दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकाजी, फकीरा अशी नावे ठेवत. मृत्यूची नजर जाऊ नये, देवाला हे बाळ टाकाऊ वाटावे म्हणून. मंगोलियात ‘नेर्ग्वी’ म्हणजे नाव नाही, ‘एनेबिश’ म्हणजे हे नव्हे, ‘खुनबिश’ म्हणजे माणूस नव्हे, हेतू तोच. योरुबांत ‘मालोमो’, पुन्हा जाऊ नकोस. आजोबांच्या ‘दगडू’ या नावाला हसणारा नातू शब्दार्थावर थांबलेला असतो. कारण विचारले तर त्याला कळेल की त्या नावामागे पणजीचे आधीचे मेलेले मूल आहे आणि नाव हे तिने लावलेले काजळाचे बोट होते.

पण ‘नकोशी’ आणि ‘नकुसा’ ही नावे राखणीची नव्हेत. ती मुलगा हवा म्हणून मुलीला ठेवलेली आहेत, आणि दोन्ही प्रकारांची गल्लत करू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली. काहींनी आपली नावे स्वतः निवडली. नावाचा अर्थ ही हौशी लोकांची करमणूक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा दिवस आठवावा.

काळही नाव ठेवतो. १९४९ नंतर चीनमध्ये जन्मलेल्या कितीतरी मुलांचे नाव ‘जियांग्वो’, देश उभारणारा. तुमच्या घरात स्वातंत्र्याच्या सुमारास जन्मलेला कोणी ‘स्वराज’ किंवा ‘भारती’ असेल तर तिथेही कोशापेक्षा जन्मसाल जास्त सांगते.

म्हणून प्रत्यक्ष काम असे करा. घरातल्या सर्वात वृद्ध माणसाला विचारा : नाव कोणी सुचवले, आधी कोणाचे होते, पाळण्यातले नाव काय होते, कुलदैवताचा किंवा नवसाचा संबंध आहे का, नाव मध्येच बदलले का. सासरी नाव बदललेल्या आज्यांचे माहेरचे नाव आवर्जून लिहून घ्या. बहुतेक घरांत ते दोन पिढ्यांत हरवते. उत्तरे ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि तारीख लिहा.

पायरी ७ : ठेवण्याआधी आणि नोंदवण्याआधी

नाव नक्की झाले की दोन वाक्ये लिहून पाहा. पहिले : हे नाव अमुक भाषेतले, शब्दाचा अर्थ अमुक. दुसरे : आम्ही ते अमुक कारणाने ठेवले. पहिले वाक्य कोशाने पटले पाहिजे, दुसरे तुम्हाला. पहिले जमत नसेल तर ‘नवे नाव’ लिहा. दुसरे जमत नसेल तर मी तरी ते नाव आणखी आठवडाभर घरात वापरून बघायला सांगेन.

परदेशात राहत असाल तर तिथला कायदा आधी वाचा. आइसलँडमध्ये नवे नाव तिथल्या व्याकरणात बसते का हे तपासणारी समिती १९९१पासून आहे. तिथे बहुतेकांना आडनाव नसतेच, वडिलांच्या किंवा आईच्या नावाला ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’ जोडतात, आणि राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच संबोधतात. डेन्मार्कमध्ये मान्य नावांची यादी आहे, बाहेरचे नाव हवे तर परवानगी मागावी लागते.

महाराष्ट्रात जन्मनोंद करताना नाव ठरले नसेल तर घाईने काहीतरी लिहू नका. नाव न घालता जन्म नोंदवता येतो. पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. एकदा घातलेले नाव बदलणे मात्र कटकटीचे आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यावरचे नाव पुढे सगळीकडे जाते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावाचा क्रमही बदलला आहे : बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. दाखल्याचा मसुदा हातात आला की देवनागरीतले ऱ्हस्व-दीर्घ आणि रोमन लिपीतले स्पेलिंग दोन्ही अक्षर-अक्षर वाचा, आणि जे स्पेलिंग तिथे लिहिले तेच आधार, लसीकरणाचे कार्ड आणि पासपोर्टवर ठेवा.